कोणत्या स्टँडचा तू?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते. कापायचं असेल तर कापा, फक्त रिक्षा-टॅक्सी स्टँडबद्दल जे लिहिलंय ते ठेवा, त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप चाललाय.

मी मुंबई नाक्याजवळच्या एका खाजगी दवाखान्यात सिस्टर आहे, १९ वर्षं झाली. महिन्यातले दहा-बारा दिवस नाईट असते, आणि सेकंड शिफ्ट असली की सुटायला रात्रीचे साडेनऊ-दहा होतात, म्हणजे रात्रीची रिक्षा आणि मी असा आमचा संसारच आहे म्हणा ना. आणि खरा संसार ज्यांच्याशी, त्यांनी पण २२ वर्षं रिक्षाच चालवली, नाशिकरोड-शालिमार लाईनला. कंबर गेली तेव्हा सोडली. बिल्ला, म्हणजे आरटीओचा बॅच, अजून कपाटात आहे, दर दसऱ्याला बाहेर निघतो, त्याला हळद-कुंकू लागतं आणि परत आत जातो. हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढचं वाचून कोणी म्हणायला नको, या बाईला रिक्षा-टॅक्सीवाल्यांचा राग आहे. आमच्या घरची चूल त्याच धंद्यावर पेटलीये.

झालं असं. माझी भाची मुंबईहून येणार होती, गाडी लेट झाली, नाशिकरोडला उतरेपर्यंत सव्वाअकरा होऊन गेले. पोरगी २१ वर्षांची, पहिल्यांदाच एकटी आलेली, दोन बॅगा. आम्ही द्वारका चौकाजवळ काठे गल्लीत राहतो. नाशिककरांना काय सांगायचं, स्टेशनवरून बिटको, दत्त मंदिर, उपनगर, गांधीनगर असं नाकासमोर यायचं, झोपेत पण चुकणार नाही असा रस्ता. तिने आधी अ‍ॅपवर गाडी बघितली, मिळाली पण, मग ड्रायव्हरचा फोन, मॅडम मी आत नाही येऊ शकत, इथले लोक भांडतात, तुम्ही जरा चालत पुढे या. पुढे म्हणजे कुठे ते त्याला पण नीट सांगता येईना. ती बॅगा ओढत निघाली आणि तेवढ्यात एक जण आला, कुठे जायचंय ताई, द्वारका साईडला का, चला ना, गाडी उभीच आहे, आणि बोलता बोलता एक बॅग त्याच्या हातात गेली सुद्धा. ज्याने बॅग घेतली तो ड्रायव्हर नव्हताच. ड्रायव्हर आत बसलेला. आणि गाडी निघता निघता पुढच्या सीटवर आणखी एक जण चढला, माझा भाऊ आहे, उपनगरला उतरेल.

पाटी पिवळी आहे एवढं तिने बघून घेतलं होतं. काकांनी लहानपणीच शिकवलेलं, पिवळी पाटी म्हणजे भाड्याची, पांढरी म्हणजे घरगुती, पांढरीत बसायचं नाही. पोरीने धडा अगदी बरोबर पाळला. नंबर मात्र पूर्ण वाचता आला नाही, पाटीवरचा दिवा बंद, शेवटचे दोन आकडे तेवढे डोक्यात राहिले.

बिटकोला गाडी सरळ यायची सोडून जेलरोडला वळली. तिने विचारलं तर म्हणे पुढे काम चालू आहे, नांदूर नाक्यावरून काढतो. नाशिकबाहेरच्या माणसाला काय कळणार, पण तिने मोबाईलवर नकाशा लावलेला होता आणि त्यातला निळा ठिपका आमच्या घरापासून लांब लांब जायला लागला. तिने मला फोन लावला. "मावशी, जेलरोडने पण येता येतं का गं तुझ्याकडे?" आवाज एकदम नॉर्मल, मुद्दाम नॉर्मल केलेला, आणि तो ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला.

मी काही बोलायच्या आत ह्यांनी फोन काढून घेतला. तिला म्हटले स्पीकरवर टाक. मग जे काही बोलणं झालं ते मी शेजारी उभी राहून ऐकलंय.

"काय रे भाऊ, कोणत्या स्टँडचा तू?"

पलीकडे शांत.

"अरे विचारतोय, कोणत्या स्टँडला नंबर लावतो?"

"स्टँड नाही काका, अशीच फिरवतो."

"गाडी कोणाची?"

"मित्राची आहे."

"बॅच आहे का तुझ्याकडे?"

त्याला काही उत्तर आलं नाही. मग हे म्हणाले, मी दत्त मंदिरला उभा आहे, सोबत चार जण आहेत, गाडी फिरव. दत्त मंदिरला कसलं, हे घरात बनियन आणि लुंगीवर, आणि चार जण म्हणजे मी, सासूबाई आणि टीव्हीवर बोलणारे दोघं. पण गाडी फिरली. वाटेत तो 'भाऊ' उतरून गेला, उपनगर यायच्या किती तरी आधी. शेजाऱ्यांची अ‍ॅक्टिव्हा घेऊन हे दत्त मंदिरला पोचले तेव्हा पोरगी चौकात बॅगांवर बसलेली, गाडी निघून गेलेली, आणि वरून ४०० रुपये घेतलेले.

घरी आल्यावर चहा पिताना तिने अजून एक सांगितलं. दसकच्या अलीकडे गाडी जरा स्लो झाली तेव्हा तिने हळूच दाराचं हँडल ओढून बघितलं होतं. दार उघडलं नाही. चाईल्ड लॉक. आमचे हे त्यावर जे बोलले ते पेपरात लिहिण्यासारखं नाही. भाड्याच्या कारला चाईल्ड लॉक ठेवायलाच १ जुलै २०१९ पासून बंदी आहे, केंद्र सरकारचा नियम आहे, पण बसताना मागचं दार आतून उघडतंय का हे आपण किती जण बघतो? मी तर १९ वर्षांत एकदाही नाही बघितलं. आता बघते.

बरं, तक्रार काय करणार? काही झालंच नाही ना. चोरी नाही, हात लावला नाही, रस्ता बदलला तर म्हणे काम चालू होतं. नंबर पूर्ण नाही. पोरगी म्हणाली जाऊ दे मावशी, आईला सांगू नको. आईला नाही सांगितलं, तुम्हाला सांगतेय.

तर मला सारखा तो एकच प्रश्न आठवतो. कोणत्या स्टँडचा तू. ह्यांनी त्याला पोलिसांची भीती नाही घातली, ११२ ला लावतो असं पण नाही म्हटले (ते लावायला पाहिजेच, तो नंबर पोरीबाळींच्या मोबाईलमध्ये पहिला असायला पाहिजे). त्यांनी स्टँड विचारला. कारण त्यांच्या वेळेला माणसाची ओळखच ती होती. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत आलेय. स्टँडला नंबर लागायचा, पहिला आलेला पहिला निघणार. एक म्हातारा ड्रायव्हर असायचा, त्याची स्वतःची रिक्षा आता पोरगा चालवायचा आणि हा नुसता बसलेला असायचा खांबाला टेकून, पण कोणती रिक्षा कोणाला घेऊन किती वाजता निघाली ते त्याला पाठ. एखादी बाई रात्री एकटी आली की तोच सांगायचा, ए, या ताईंना तू सोड, आणि ज्याला सांगितलं तो सोडून परत येऊन सांगायचा, सोडलं. कोणाची छत्री राहिली, पर्स राहिली तर स्टँडला आणून ठेवलेली असायची. एकदा तर एका बाईंचा मंगळसूत्राचा डबा तीन दिवस आमच्या घरी होता, रोज रात्री मी उठून बघायचे आहे का म्हणून. नवीन पोरगं दारू पिऊन आलं तर पोलिसाच्या आधी स्टँडवालेच त्याची चावी काढून घ्यायचे. आता याला कोणी प्रवासी सुरक्षा वगैरे म्हणत नव्हतं. त्याला स्टँड म्हणायचे.

मग स्टँड गेले कुठे? रस्ते रुंद झाले, दुभाजक आले, कुठे पूल आला, कुठे स्टँडच्या जागेवर भेळीच्या गाड्या आल्या, कुठे कोपऱ्यावर नवीन दुकानं झाली आणि दुकानदार म्हणाला माझ्या तोंडावर रिक्षा नको. रिक्षावाले पसरले चौकाचौकात. २०१७ मध्ये सरकारने परमिट खुली केल्यावर गाड्या वाढल्या, उभं राहायची जागा नाही वाढली. आता द्वारकेला बघा, मुंबई नाक्याला बघा, सीबीएसला बघा, रिक्षा कुठे उभी असते? जिथे सीट मिळेल तिथे, चालत्या ट्रॅफिकमध्ये. पोलीस आला की हलते, गेला की परत येते. अशा गर्दीत चांगला कोण आणि मित्राची गाडी घेऊन फिरणारा कोण, हे रात्री अकरा वाजता बॅगा घेऊन उभ्या असलेल्या पोरीला कसं कळायचं? आणि गंमत बघा, ज्या टॅक्सी द्वारकेवरून मुंबईला सीटवर जातात तिथे बायका एकट्या बिनधास्त बसतात, चार तासाचा रस्ता, कसारा घाट, तरी बसतात. का, तर नंबराने गाडी सुटते आणि सोडणारा माणूस समोर उभा असतो.

आता मूळ मुद्दा. हा विषय काढला की जो तो म्हणतो, आरटीओला सांगा. मी ह्यांच्यासोबत पासिंगला, बॅचच्या रिन्यूअलला आरटीओत इतक्यांदा गेलेय की मला त्यांचं काम माहितीये. लायसन, बॅच, परमिट, पासिंग, हे त्यांचं. भाडं किती घ्यायचं ते ठरवतं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, त्याचे अध्यक्ष कलेक्टर. मेमो फाडायचा तो ट्रॅफिक पोलिसांनी. सगळं बरोबर. पण गाडी उभी कुठे राहते? रस्त्यावर. रस्ता कोणाचा? मोटार वाहन कायदा १९८८ मधलं ११७ वं कलम काढून बघा, मी बघितलंय, गाड्यांना उभं राहायच्या जागा, प्रवासी चढवायच्या-उतरवायच्या थांब्याच्या जागा सरकार किंवा सरकारने नेमलेली अथॉरिटी ठरवेल, पण स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. स्थानिक संस्था म्हणजे कोण, तर आपली महापालिका. म्हणजे लायसन द्यायचा अधिकार महापालिकेला नसला तरी स्टँडच्या चर्चेत तिची खुर्ची कायद्यानेच मांडलेली आहे. त्या खुर्चीवर बसायचं आणि बोलायचं एवढंच मागणं आहे.

मला कोणत्याही साहेबांवर आरोप करायचा नाहीये. मार्च २०२२ ला आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर कितीतरी दिवस प्रशासकांनीच गाडा ओढला, लोकांनी जायचं कोणाकडे हाच प्रश्न होता. आता बहुतेक प्रभागात चार-चार नगरसेवक आहेत. चौघांनी मिळून आपल्या प्रभागातले फक्त तीन स्टँड उभे केले तरी शहराचं रूप बदलेल. पालिकेचे सहा विभाग आहेत, पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, नवीन नाशिक, नाशिकरोड. प्रत्येक विभागात महापालिका, आरटीओ आणि ट्रॅफिक पोलीस असे तिघांनी एकत्र फिरून जागा बघायच्या, आणि दिवसा नाही, रात्री दहानंतर फिरायचं. दिवसा सगळं छानच दिसतं हो. आणि फिरताना सोबत दोन बाया घ्या, एक नर्स घ्या, एक अंबड-सातपूरच्या कंपनीतली सेकंड शिफ्टवाली घ्या. आम्ही पंधरा मिनिटात सांगू कुठे उभं राहायला भीती वाटते.

स्टँड म्हणजे नुसता निळा बोर्ड ठोकला की झालं असं समजू नका. बोर्ड तर आहेत, काही ठिकाणी बोर्डाखाली पाणीपुरीची गाडी आहे. स्टँड म्हणजे जमिनीवर पट्टे मारलेले, किती रिक्षा, किती टॅक्सी ते आकड्यात लिहिलेलं, वर चांगला दिवा, एक कॅमेरा, भाड्याचा तक्ता मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात, आणि तिथे ११२ लिहिलेलं. बसायला एक बाकडं. आणि ड्रायव्हरला मुतारी! हसू नका. ज्या माणसाला आठ तास कुठे जायला जागा नाही तो स्टँड सोडून आडोसा शोधणार, आडोशाला घाण होणार, घाण झाली की बायका तिथून जाणार नाहीत, तो कोपरा अंधारा आणि रिकामा होणार. आमच्या ह्यांना मुतखडा झाला तो काय उगीच नाही झाला.

दिव्याचं तर वेगळं सांगायलाच नको. रस्त्यावर दिवाबत्ती करणं हे महापालिका कायद्याच्या ६३ व्या कलमात बंधनकारक कामात येतं, मर्जीचं काम नाहीये ते. पण दिवे बसवताना रस्त्याच्या मधोमध बसवतात, प्रकाश डांबरावर, आणि माणूस उभा असतो कडेला झाडाखाली अंधारात. गाडीवाल्याला रस्ता दिसतो, आपल्याला गाडीवाल्याचं तोंड दिसत नाही. झाडं तोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये, झाडाच्या खाली एक कमी उंचीचा दिवा लावा म्हणते. आणि खांबाला नंबर टाका, मोठा, रस्त्यावरून वाचता येईल असा. घाबरलेल्या माणसाला आपण कुठे आहोत ते सांगता येत नाही. दवाखान्यात अ‍ॅक्सिडेंटचे पेशंट येतात ना, त्यांच्या नातेवाईकांना विचारलं कुठे झालं तर म्हणतात तिकडे पुढे, पेट्रोल पंपाच्या पुढे, कोणता पंप तर माहीत नाही. खांब नंबर अमुक म्हटलं की पोलिसाला पण गाडी कुठे न्यायची ते कळतं.

आता काही जण म्हणतील की पॅनिक बटण आहे ना. आहे, टॅक्सीत आहे. केंद्राने २०१६ ला नियम काढला आणि १ जानेवारी २०१९ पासून नवीन प्रवासी गाड्यांना गाडी कुठे आहे ते दाखवणारं यंत्र आणि लाल बटण कंपल्सरी झालं. पण त्यातून तीनचाकी वगळल्यात. आणि नाशिक कशावर चालतं? तीनचाकीवर. म्हणजे ज्या गाडीत रोज आम्ही बसतो तिला बटण नाही, आणि ज्या टॅक्सीला बटण आहे तिच्यात बसल्यावर ते कुठे असतं हेच कोणाला माहीत नाही. माझ्या भाचीला पण नव्हतं माहीत. त्या गाडीत ते होतं का, चालू होतं का, देव जाणे. म्हणून म्हणते की महापालिकेला बटण बसवता येत नसेल, ठीक आहे, पण महासभेत ठराव करून परिवहन प्राधिकरणाकडे पाठवता येतो की नाही? ठराव असा, की नाशिक शहरातल्या स्टँडवर जी गाडी नंबर लावेल तिच्यात ड्रायव्हरच्या पाठीमागे, प्रवाशाच्या डोळ्यासमोर येईल असा कागद पाहिजे, त्यावर ड्रायव्हरचा फोटो, बॅच नंबर, गाडीचा नंबर, परमिट आणि पासिंग कधीपर्यंत आहे ते, आणि तो कागद फोटो काढता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. नुसता फोटो काढून घरी पाठवला तरी अर्धी भीती जाते. आणि ड्रायव्हर पण सरळ वागतो, माणसाचा स्वभावच आहे तो.

एका गोष्टीत मात्र मला आमच्या रिक्षावाल्या मंडळींच्या विरोधात बोलायचंय, हे रागावतील तरी बोलणार. स्टँड म्हणजे कोणाच्या बापाची जहागीर नाही. युनियनचा बोर्ड लावायचा, नवीन पोराला नंबर लावू द्यायचा नाही, अ‍ॅपवाला आला की त्याच्या गाडीला घेराव घालायचा, प्रवाशाला आमच्यातच बस म्हणून दमदाटी करायची, मीटरचं नाव काढलं की हसायचं, हे पण स्टँडवरच चालतं. माझ्या भाचीची अ‍ॅपवाली गाडी आत आली असती तर ती त्या दुसऱ्या गाडीत बसलीच नसती, हे पण खरंच आहे ना? त्यामुळे स्टँड महापालिकेच्या जागेवर असेल तर नियम पण लिहून लावा, कोणीही बॅच-परमिटवाला नंबर लावेल, आणि अ‍ॅपच्या गाड्यांना त्याच उजेडात, त्याच कॅमेऱ्याखाली दोन मिनिटं थांबायला वेगळा पट्टा. स्टेशनच्या आतली जागा रेल्वेची, बाहेरची पालिकेची, आणि प्रवासी सापडतो दोघांच्या मध्ये. तिथे तर दोघांनी बसून एक प्रीपेड खिडकी चालवली पाहिजे, मुंबईच्या विमानतळावर असते तशी, पैसे आधी भरायचे, पावतीवर गाडीचा नंबर. पावती हातात असली की मित्राची गाडी घेऊन फिरणारा त्या रांगेत येतच नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा इंग्लंडात लेस्टरला शिकायला आहे. त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला काकू, इकडे टॅक्सीच्या मागे पाटी असते ती नगरपालिकेची असते, ड्रायव्हरला लायसन नगरपालिकाच देते. मला खरंच वाटेना. मग नाईटला पेशंट झोपल्यावर मोबाईलवर वाचत बसले. खरंय. आणि २०२० ला तिथल्या सरकारने पालिकांना लिहून दिलं की ड्रायव्हरचं पोलीस रेकॉर्ड दर सहा महिन्यांनी तपासायला पाहिजे. आपल्याकडे बॅच काढताना एकदा पोलिसांचा दाखला लागतो, त्याच्यानंतर पुढची काही वर्षं माणूस काय करतो ते कोण बघतं? पण तिकडे पण हे सुखासुखी नाही झालं. रॉदरहॅम नावाचं गाव आहे, तिथे १९९७ ते २०१३ या काळात कमीत कमी १४०० मुलामुलींवर अत्याचार झाले असं २०१४ च्या चौकशी अहवालात आलं, त्यात पोरींना न्यायला-आणायला टॅक्सी वापरल्या जायच्या, आणि नगरपालिकेने वर्षानुवर्षं तिकडे बघितलंच नाही. ते सगळं बाहेर आल्यावर मग टॅक्सीत कॅमेरे कंपल्सरी केले. वाचून झालं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते आणि मला खालच्या रस्त्यावर रिक्षाचा आवाज आला तरी दचकायला झालं.

आपल्याकडे तर वेळ पण नाहीये. २ ऑगस्ट २०२७ ला सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान आहे. रामकुंड, तपोवन, त्र्यंबक, सगळीकडे देशभरातून माणसं येणार, त्यांना बिटको कुठे आणि जेलरोड कुठे काही माहीत नसणार, रात्री-अपरात्री उतरणार, आणि बाहेरगावच्या हजार गाड्या त्यांना ओढायला येणार. रस्ते, घाट, पूल यांच्या बातम्या रोज वाचते मी तुमच्या पेपरात, चांगलं आहे, पण त्या कामांच्या नकाशात स्टँड कुठे दाखवलेत ते एकदा छापा ना. कुंभासाठी म्हणून बांधलेला स्टँड कुंभानंतर आम्हाला राहील. ऑक्टोबर २०२२ ला मिरची चौकात ट्रॅव्हल्सची बस जळाली, १२ माणसं गेली, तेव्हा सगळ्या शहराच्या तोंडी चौक आणि चौकाची रचना हेच होतं. त्या दिवशी आमच्या दवाखान्यातल्या पोरी ड्युटी संपून पण घरी गेल्या नव्हत्या, नुसत्या बसून राहिल्या होत्या. चौकाचा विचार आधी करता येतो एवढंच म्हणायचंय.

खर्चाचं म्हणाल तर पांढरा पेंट, दोन दिवे, एक बोर्ड. कॅमेरे शहरात लागतच आहेत, त्यातला एक स्टँडकडे तोंड करून लावायचा.

परवा सुट्टी होती. ह्यांना म्हटलं, बोलून काय उपयोग, चला माप घेऊ. टेप घेऊन आमच्या दवाखान्याच्या समोर गेलो, संध्याकाळी, लोक बघत होते की हे म्हातारा-म्हातारी काय करतायत. रिक्षा पावणेनऊ फूट लांब, पुढेमागे हलायला जागा धरून दहा धरा. कडुलिंबापासून डीपीपर्यंत ६४ फूट निघाले. म्हणजे सहा रिक्षा आरामात, आणि डीपीच्या पलीकडे एक कार थांबेल एवढी जागा उरते, तिथे अ‍ॅपची गाडी. दवाखान्याचं गेट मोकळं राहतं, अ‍ॅम्ब्युलन्स वळते, दोन्ही दुकानांची तोंडं मोकळी राहतात, हे पण बघून घेतलं. दिवा कुठे पाहिजे तिथे ह्यांनी खडूने फुली मारून ठेवलीये. सगळं एका वहीच्या पानावर काढलंय, रिक्षाच्या जागी चौकोन, झाडाच्या जागी गोल, वर लिहिलंय स्टँड, सहा. पान माझ्या पर्समध्ये आहे, प्रभागातल्या चौघांपैकी जे पहिले भेटतील त्यांच्या हातात देणार आहे. ओपीडी सुटल्यावर दोन ते तीन मी गेटजवळच असते.

आपली,
एक नियमित वाचक,
काठे गल्ली, नाशिक